पिशवीतले भाऊ

दादा, फ्रिजमधलं तुझं औषध काल देऊन टाकलं. हिमोफिलिया मंडळाच्या दीदी थर्मोकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन आल्या होत्या. प्रत्येक बाटलीवरची मुदत त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, खोकी डब्यात नीट उभी लावली आणि मग म्हणाल्या, "भैया होते तो बिना चाय के नहीं जाने देते." मी चहा ठेवला. तू गेल्यापासून आलेल्या माणसाला चहा विचारायचं माझ्या लक्षातच राहत नाही, आणि लोक मला तुझं नाव घेऊन त्याची आठवण करून देतात.

आई खाटेवर बसून सगळं बघत होती. तिने दीदींना विचारलं, "कोनाले देनार हे?" महासमुंदकडे एक जण गुडघ्यात रक्त उतरून पडलाय, उद्या सकाळीच त्याला पोचवते, असं दीदी म्हणाल्या. आई म्हणाली, "त्याले सांगजा, हे माह्या बाबूच्या घरून आलं." दीदी हो म्हणाल्या आणि डबा स्कूटीच्या पुढे ठेवून गेल्या. त्या गल्लीच्या वळणावर गेल्यावर आई मला म्हणाली, "आपल्यातला झाला आता तो मानूस."

यावर तू लगेच काहीतरी बोलला असतास. मी सवयीने तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर इस्त्रीला द्यायचे कपडे पडले होते.

तुझ्याबद्दल सांगण्यासारखं जे होतं ते तेरवीला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सांगून झालंय. रायपूरच्या पंडरी बाजारातल्या कपड्याच्या दुकानात सगळे गादीवर मांडी घालून बसायचे आणि तुझा गुडघा वाकत नाही म्हणून शेटने तुझ्यापुरती खुर्ची ठेवली होती, हे दोघांनी सांगितलं. तू फार सहन केलंस, असंही बरेच जण म्हणाले. ते ऐकून तुझं डोकं फिरलं असतं हे मला माहीत आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपल्या घरातल्या त्या एकाच वादाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे, जो तू आणि आई इतकी वर्षं घालत होतात. अंगात रक्त ज्याचं जातं, तो आपला कोण होतो? माझं लग्न या प्रश्नावर अडलं होतं. आता पुन्हा तसाच पेच पडलाय आणि तू नाहीस.

दाढेचं प्रकरण झालं तेव्हा तू अकरावीत होतास. दाढ दुखायला लागली म्हणून घरात कोणाला न सांगता आपल्या बुढापारा मोहल्ल्यातल्याच एका डॉक्टरकडे गेलास आणि दाढ काढून आलास. आपलं रक्त वाहायला लागलं की थांबत नाही, हे त्याला सांगायची तुला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आईने तीन पंचे बदलले. तेव्हा रायपुरात तुझ्यासाठी वेगळं औषध नव्हतं. कोणाचं तरी ताजं रक्त चढवायचं, किंवा त्यातलं नुसतं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, आणि वाट पाहत बसायचं. बाबा रेल्वे क्वार्टरात जाऊन तुझ्या वर्गातली मुलं, कॅरमच्या क्लबातली मुलं, जो सापडेल त्याला घेऊन आले. त्यात रमेश होता. अकोल्याकडून आलेल्या कुटुंबातला, कॅरममध्ये तुझा जोडीदार, बोलायला कमी. गट जुळला तो त्याचा.

त्याच्या रक्ताची पिशवी आणली आणि तशीच दवाखान्यातल्या तुझ्या खाटेवर टांगली. आईने वर हात करून पिशवीला हात लावला. "गरम हाय अजून," ती म्हणाली. मी आठवीत होते, पायाशी उभी होते. रमेश दाराजवळ बाकावर बसून ग्लुकोजची बिस्किटं खात होता आणि त्या पिशवीकडे अशा संकोचाने पाहत होता की जणू स्वतःचा शर्ट कोणाच्या तरी दोरीवर वाळत घातलाय.

त्या दिवाळीत आईने नवीन रीत सुरू केली. ज्याने ज्याने बाबूला रक्त दिलं, तो बेबीचा भाऊ. बेबी म्हणजे मी. भाऊबीजेला आपल्या पितळी फुल्यांच्या पाटावर तू पहिला बसायचास, पाय लांब करून, आणि तुझं झालं की एकेक पाहुणा. क्लबातला सरदार, समोरच्या गल्लीतला सिंधी, बाबांच्या ऑफिसातला साहू, तुझ्या दुकानातला सलीम. सगळे डोक्यावर रुमाल ठेवून निमूट बसायचे. ओवाळणीत मला पेन मिळाले, केसांच्या पिना मिळाल्या, सरदारने एकदा टेबल टेनिसची बॅट दिली. माझ्या मैत्रिणींना एक-दोन भाऊ होते. माझी रांग अंगणापर्यंत जायची, आणि तुला दरवर्षी काही ना काही व्हायचं म्हणून ती वाढतच जायची.

रमेश कधी त्या रांगेत नसायचा. पहिल्या वर्षी त्याला ताप आला. दुसऱ्या वर्षी सायकलची चेन तुटली. मग अकोल्याला मावशीकडे जावं लागलं, मग पुन्हा ताप. तुला रक्त लागलं की मात्र तोच पहिला हजर, बाही दुमडून. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तुझ्या आलं. एका भाऊबीजेला पाटावर बसल्या-बसल्या तू मोठ्याने विचारलंस, "आई, हा रम्या भाऊबीजेलेच काहून बिमार पडते?" आणि माझ्याकडे पाहिलंस. मी निरांजनात तूप घालत होते. ते सगळं ताटात सांडलं.

तू नंतर एक अक्षर विचारलं नाहीस. त्याबद्दल तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मग बाटल्यांतलं औषध आलं. थोडं, महागडं, कधी मिळायचं कधी नाही, पण आलं. आता कोणाला धावत आणायला नको, फ्रिजमधून काढायचं, पाण्यात कालवायचं, शिरेत सोडायचं. खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी तू भिंग घेऊन वाचायचास. एकेका बाटलीमागे हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो, हे तू आम्हाला वाचून सांगितलंस. परदेशात लोक केंद्रावर जाऊन आरामखुर्चीत पडतात, मशीन रक्त काढून घेते, पिवळं पाणी ठेवते आणि लाल पेशी परत अंगात सोडते. काही देशांत त्याचे पैसे मिळतात, आपल्याकडे तसं करायला बंदी आहे. बाबा म्हणाले, म्हणजे विकलेलं रक्त. आई त्यांच्यावर उखडली. "विकलं म्हून रक्त नाही का ते? सुई त टोचलीच ना त्याले?" तू टाळी दिलीस तिला.

ती टाळी तुला त्या वर्षी भाऊबीजेला महाग पडली. रांग ओवाळून झाली, मी ताट खाली ठेवायला लागले तर आई म्हणाली, "थांब, फ्रिज राहिला." मला वाटलं फ्रिजमधून बासुंदी काढायची आहे. तिने माझा दंड धरून मला फ्रिजसमोर उभं केलं. "ओवाळ." कोणाला, मी विचारलं. "काय माहीत कोन कोन हाय त्याच्यात," आई म्हणाली. आपला तो जुना पिस्ता रंगाचा फ्रिज, दाराचं रबर सुटलेलं, वर बाबांच्या गोळ्यांचा डबा. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. तू खुर्चीत गुडघा धरून हसत होतास, आणि हसू नको रे, पुन्हा सुजेल, म्हणून आई तुझ्यावरच ओरडत होती. तेव्हापासून आपल्या घरात फ्रिज बदलले पण कुंकवाचं बोट प्रत्येकाच्या दारावर आहे.

पुढे मी बी.एड. संपवलं, रमेश रेल्वेत लागला, आणि त्याचे बाबा रीतसर विचारायला आले. जात जुळत होती, पत्रिका जुळत होती, मुलगा निर्व्यसनी, घर चालत जाण्यासारखं. बाबा मनातून कबूल झाले होते. आई पाणी घेऊन आली, उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ-बहिनीचं लगन होते का कुठी?" बिचारे रमेशचे बाबा घाबरून गेले. त्यांना वाटलं आपल्या वाडवडिलांचं काहीतरी जुनं प्रकरण निघालं. चहा न संपवताच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी रमेश स्वतः आला. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं सलग बोलताना पाहिलं नव्हतं. "काकू, मी एक डावबी पाटावर नाही बसलो. आठवून पाहा. तापात होतो, गावी होतो, पन बसलो नाही." आई म्हणाली, "पाटानं काय होते? पिशवीले मी हात लावला ना रे. माह्या पोराच्या आंगात तुहं रक्त हाय. तू इचा भाऊच झाला." तो हरल्यासारखा तुझ्याकडे बघत राहिला.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. मला त्या दिवशी काय झालं होतं ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. आई जे म्हणत होती ते मला मूर्खपणाचं वाटत नव्हतं. मीही ती पिशवी पाहिली होती. मला रमेशच हवा होता आणि आई खोटं बोलत नाही हेही कळत होतं, आणि या दोन्हींत मी अशी अडकले होते की मला रडूही येत नव्हतं. दुसरं कोणी भांडलं असतं तर माझ्या बाजूने आईविरुद्ध भांडलं असतं. तू तसा भांडला नाहीस. तू आईचं म्हणणं आधी खरं धरलंस.

आधी तू शास्त्र सांगून पाहिलंस, ते फसलं. "आई, लाल रक्त तीन-चार महिन्यांत मरते. नवं तयार होते. पिवळ्या पान्यातलं औषध त एक-दोन दिवसांतच संपते. रम्याचं होतं ते कवाचंच गेलं." आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "गेलं म्हनजे कोठी गेलं? त्याच्यावरच तू उठला ना?"  

दोन दिवस तू दुकानातून आलास की नुसता बसायचास. तिसऱ्या दिवशी जेवायच्या आधी फ्रिज उघडून एक बाटली आणलीस आणि आईपुढे ठेवलीस.

"याच्यात किती लोक हायेत?"

"तूच म्हनते हजारो हायेत."

"हे सारे बेबीचे भाऊ. बरोबर? तू फ्रिज ओवाळाले लावला तिले."

"बरोबर."

"मंग या लोकायनं आनखीन ज्याले ज्याले देल्लं, तेबी सारे भाऊ. आपल्या इथल्या पिशव्यायतलं पिवळं पानीबी कारखान्यात जाते, त इकडचेबी आले. आता मले असा एक पोट्टा दाखव जो याच्यात नाही. ग्यारंटीनं. मी आजच्या आज बेबीचं लगन लावून देतो त्याच्यासंग."

आई बाटलीकडे पाहत राहिली. बाबा हळूच उठून हात धुवायला गेले, ते मोरीत हसत होते हे मला आतून दिसत होतं. आईने बाटली उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढचा दिवा लावून आली आणि म्हणाली, "सारेच भाऊ असन त मंग हाच बरा. निदान पाहेल त हाय." आणि तू चहाचा कप ठेवायच्या आत पुढे म्हणाली, "पन मी म्हनलं ते खोटं नाही."

माझं लग्न त्या वाक्यावर झालं. ते माझ्यासाठी घडवून आणल्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. भाऊ-बहिणीत आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मानले असते तर तू वर्षभर त्याची नक्कल करून दाखवली असतीस. आज नक्कल करणारं कोणी नाही म्हणून लिहिते, दादा, तुझ्यामुळे माझा संसार झाला.

वाद मात्र सुटला नाही. आईने रमेशला जावई म्हणून एकदाही हाक मारली नाही, आणि तोही तिला काकूच म्हणत राहिला. पाडव्याला मी त्याला त्याच पाटावर बसवून ओवाळायचे, तेव्हा आई आत काही काम काढायची. भाऊबीजेच्या सकाळी तो अजूनही समता कॉलोनीतल्या आमच्या घरून बाहेर पडायचा आणि जेवणाच्या वेळेला तुमच्याकडे उगवायचा. चाळिशी उलटलेला माणूस, पण पाट उचलल्याची खात्री झाल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. "आला का फरार आसामी?" तू विचारायचास. रक्त देणं त्याने सोडलं नव्हतं. आता तुला थेट लागत नव्हतं तरी दर काही महिन्यांनी जाऊन देऊन यायचा. तू म्हणायचास, "तुह्यं पिवळं पानी कारखान्यातून फिरून माह्याच बाटलीत येऊन राहिलं वाटते. चव ओळखीची लागते."

तुझ्यावर मी एकदाच खरी चिडले. तपासणीत निघालं की आधीच्या कोणत्यातरी रक्तातून तुझ्या यकृतात आजार शिरलाय. जुन्या दिवसांत तेवढी पारख नव्हती. मी म्हणाले, कोण होता तो, माझ्या समोर आणा. रमेश दुसऱ्याच दिवशी स्वतःची तपासणी करायला गेला.  त्याच्यात काही निघालं नाही, तरी तो पुष्कळ दिवस तुझ्यासमोर मान वर करत नव्हता. आणि तू शांतपणे म्हणालास, "ज्यानं देल्लं त्याले तरी काय माहीत? तो त मले वाचवालेच आला होता." मला ते पटलं नव्हतं. आजही नीटसं पटत नाही. पुढे गोळ्या आल्या, आजार गेला, आणि तू तो विषय असा बंद केलास की पुन्हा काढायची सोय राहिली नाही.

तुझ्या लग्नाचा विषयही तसाच बंद केलास. माझ्यासाठी एवढा वाद घातलास, आता तुझ्यासाठी मी घालते, असं म्हणून मी एकदा कंबर कसून आले होते. वडशाचं एक स्थळ होतं, मुलीला सगळं सांगितलं होतं आणि ती तयार होती. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "बेबी, माह्या घरी फ्रिज हाय, तेवढा संसार मले पुरे." तुझा आवाज नेहमीसारखाच होता, पण तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्या मुलीला तू आधी कुठे भेटला होतास का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. आता कळणारही नाही.

आणि ते नवीन औषध. मध्ये काही दिवस सरकारी दवाखान्यातून जे मिळालं ते माणसाच्या रक्तातून काढलेलं नव्हतं, प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे जास्त सुरक्षित, कोणाचा आजार यायची भीती नाही. आमच्या ईशाने आजीला समजावलं, "आजी, इसमें किसी का खून नहीं है, लैब में बनता है." आईने विचारलं, "कोनीच नाही?" कोणीच नाही. "मंग ओवाळू कोनाले?" ईशा हसत सुटली. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू हसत नव्हतास. नंतर गच्चीच्या पायऱ्यांवर बसून तू मला म्हणालास की बाटली हातात घेतली की आधी गर्दीत उभं राहिल्यासारखं वाटायचं, आता एकटं वाटतं. तू असं बोलणारा माणूस नव्हतास. मी तुझ्या शेजारी बसून राहिले. काही महिन्यांनी पुन्हा जुन्याच प्रकारचं औषध आलं, तेव्हा तू आईला हाक मारून सांगितलंस, "आले बाप्पा, सारे परत आले."

या वेळी रक्त डोक्यात उतरलं. मोरीत पाय घसरला, भिंतीवर डोकं आपटलं. तू स्वतःच फ्रिजपर्यंत आलास, आईला हाक मारलीस, बाटली काढलीस. रमेश पोचला तोवर औषध शिरेत गेलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वेळेत दिलंत, पुरेसं दिलंत, काही वेळा तरीही थांबत नाही. चूक कोणाचीच नाही म्हणून रागवायला कोणी नाही, आणि मला राग तर आलाच आहे. या हजारो लोकांनी मिळून तुला एवढी वर्षं उचलून धरलं आणि एका ओल्या फरशीपाशी सगळ्यांचे हात सुटले, असं मला त्या दिवशी वाटलं. आता तसं वाटत नाही. आता वाटतं की ते नसते तर तू त्या दाढेतच गेला असतास, आणि मला एवढा भाऊ मिळालाच नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याहून विनायकदादा पोचला. काकांचा मुलगा, वयाने मोठा, बाबा गेले तेव्हाही त्यानेच तुझ्या सोबतीने सगळं पाहिलं होतं. तुला मूलबाळ नाही, तेव्हा मडकं तोच धरणार, हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं होतं. त्याने शर्ट काढून उपरणं घेतलं होतं. अंगणात क्लबातला सरदार होता, आता दाढी पांढरी, सलीम होता, साहूंचा मुलगा होता. रमेश खांदेकऱ्यांत मागे उभा होता.

आई भिंत धरत दारापर्यंत आली. "विनायक, तू नको. रमेश धरन."

विनायकदादा भला माणूस आहे. त्याने हळूच समजावलं, "काकू, जवाई मडकं नाही धरत. भाऊ धरते."

"जवाई नाही हाय तो," आई म्हणाली. "म्या पिशवीले हात लावला हाय."

विनायकदादाला काही कळलं नाही. अंगणातल्या अर्ध्या लोकांना मात्र कळलं. सरदारने डोळे पुसले. रमेश माझ्याकडे पाहत होता. इतकी वर्षं भाऊबीजेच्या सकाळी घरातून पळणारा माझा नवरा, आणि आता सगळ्या गावासमोर त्याला भाऊ म्हणून पुढे बोलावलं होतं. मी मान हलवली. त्याने चपला काढल्या, शर्ट काढला आणि आईच्या हातून मडकं घेतलं. महादेव घाटावर त्यानेच अग्नी दिला. दहाव्याला डोकं केलं. सुतक आपल्या घरचं पाळलं, सासुरवाडीचं नाही, आणि त्याच्या ऑफिसात कोणी विचारलं तर सांगितलं, भाई गुज़र गए.

तेरवीला आईने पाट मांडायला सांगितला. तोच, पितळी फुल्यांचा. विनायकदादाने रमेशच्या खांद्यावर नवीन दुपट्टा टाकला, आणि आई टिळा लावायला वाकली. रमेश पाटावर बसला होता. कोणी धरून बसवला नव्हता, हाक मारताच येऊन बसला. नव्याने उगवू लागलेल्या केसांच्या डोक्याने तो मला त्या दवाखान्यातल्या बाकावरच्या मुलासारखा दिसत होता. आईने टिळा लावला आणि म्हणाली, "यंदा सन नाही आपला. पुढच्या भाऊबीजेले पळशीन त नाही ना?"

"नाही पळत, काकू," तो म्हणाला. मग तिथेच, पाटावर बसल्या-बसल्या, तोंडावर दुपट्टा घेऊन रडला.

तर दादा, आता असं झालंय. पुढच्या दिवाळीत पाडव्याला मी त्याला नवरा म्हणून ओवाळीन, आणि भाऊबीजेला आई तोच पाट मांडून त्याला भाऊ म्हणून बसवील, आणि ताट माझ्याच हातात देईल. काल मी तिला विचारलं, ओवाळायचं कोणी? ती म्हणाली, "तू नाही त कोन? तुहाच भाऊ हाय." मी म्हटलं, आई, असं कसं? ती म्हणाली, "बाबूले विचार," आणि मग थांबली.  तिला हरवेल असा वाद मला सुचत नाही. तो तुझ्याशिवाय कोणाला सुचणार नाही.